बाह्या

मनामाच्या बाजारात सोनारांची गल्ली संपते
तिथे खलफचं दुकान. पाटी नाही.
एसी आहे, पण तो रेकॉर्डसाठी;
माणसांनी घाम पुसत उभं राहायचं.

सत्तावीस वर्षं दर शुक्रवारी
मी इथे येतो आणि मतं मांडतो.
खलफ म्हणतो, तुझी मतं किलोवर विकली असती
तर मुहर्रकला माझं दुमजली घर झालं असतं.

धुऊन-पुसून नव्याने काढलेलं जुनं गाणं
मला फुकट दिलंत तरी नको.
त्यातून तबलजीचा खाकरा गेलेला असतो,
खुर्ची करकरलेली असते, ती गेलेली असते.
खरखर म्हणजे घाण नव्हे हो,
आधी कुणीतरी ऐकलंय याची पावती आहे ती.

आणि ही नवी पोरं जुनी गाणी म्हणतात,
गिटार घेऊन, निम्म्या लयीत,
जणू प्रत्येक ओळीला ताप आलाय.
माझं म्हणणं साधं आहे:
थोरल्याचा सदरा धाकट्याने घालावा, जरूर घालावा,
पण बाही दुमडलेली दिसू दे.
अगदी मापात बसला
तर तो चोरलेला असतो.

बाहीवरून आठवलं.
बैरुतच्या एका बाईची रेकॉर्ड आहे खलफकडे.
कव्हरवर ती उभी, खांदे उघडे.
म्हणजे होते. खात्याने काळ्या मार्करने झाकले.
वर्षानुवर्षं मी त्या मार्करवाल्याला शिव्या घातल्या,
चहा गार होईपर्यंत, मालवणीतून,
म्हणजे कुणाला कळायला नको.

परवा एक म्हातारा आला. अबू मन्सूर.
रेकॉर्ड हातात घेतली, चष्मा कपाळावर सारला,
म्हणाला, ही माझी.
मला वाटलं, विकलेली परत मागतोय.
तर म्हणाला, या बाह्या माझ्या.

टेबल, दिवा, हेडफोन, मार्कर. तेवीस वर्षं.
बाकीचे सरळ फुली मारायचे.
मला लाज वाटायची, म्हणाला,
माझी आई शिवणकाम करायची,
बाही खांद्यावरून कशी उतरते ते मला ठाऊक होतं.
मी वाकून बघितलं.
मनगटाशी बारीक चुण्या होत्या.
इतकी वर्षं मला दिसल्या नव्हत्या.

आणि गाणी? मी विचारलं, जरा घुश्शातच.
कापायचो, म्हणाला. कापण्याआधी तीनदा ऐकायचो, नियम होता.
मग दाराकडे एकदा बघून
त्याने एक कापलेलं कडवं म्हटलं,
बेसूर, दमेकऱ्याचा आवाज,
शब्द मला निम्मे कळले.
खलफने पंखा बंद केला.
मी आयुष्यात ऐकलेलं सर्वांत चांगलं कव्हर ते,
आणि त्याची कॅसेट नाही.

त्याला मी काय बोलणार?
सत्त्याऐंशी साली मीसुद्धा कॅसेटी भरायचो,
पत्राऐवजी, हेदवीला, शालनसाठी.
कोरी परवडत नसे, म्हणून गाण्यावरच बोलायचो.
पगार तीन महिने नाही, पासपोर्ट मालकाकडे,
खोलीत अकरा जण: इथवर बोलायचो,
मग मागे घ्यायचो, बटण दाबायचो,
‘इथे सगळं झकास आहे’ असं वरून भरायचो.

रात्री फोनवर शालनला बाह्यांची गोष्ट सांगितली.
ती म्हणाली, तुमच्या एका कॅसेटीत
मधेच खट्ट वाजतं,
आणि पुढे तुम्ही फार आनंदात असता.
पोरं झोपली की तेवढंच लावायचे मी.
आनंद? मी विचारलं.
छे हो, ती म्हणाली. खट्ट.

या शुक्रवारी खलफने नवी प्रत काढून दाखवली,
दुबईहून आलेली, खांद्यांसकट, प्लास्टिकही न फोडलेली.
भाव तोच.
मी म्हटलं, बाह्यावाली बांध.
आणि हो, दोन दिनार कमी कर,
कोपरा दुमडलाय.